गप्प लाइन

परवा भोसरीत एका जुन्या सीएनसी मशीनच्या नऊ पिनांच्या कनेक्टरला सोल्डर मारत होतो. राळेचा धूर नाकात गेला आणि कॉलेजची मायक्रोप्रोसेसर लॅब आठवली.

८०८५ चं किट, त्यावर ८२५१ ही सिरियल चिप. आधी तीन शून्यं, मग ४०, म्हणजे चिप रीसेट. मग मोड वर्ड ४ई, पाठोपाठ कमांड वर्ड ३७. एवढं पाठ असलं की तोंडी परीक्षा निभायची. ४ई का, हे कुणी विचारत नसे. मला मात्र तो आकडा सोडवायचा नाद लागला: आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, क्लॉक बॉडच्या सोळापट. ९६०० बॉडला एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतो. समोरून क्लॉकची वेगळी वायर येतच नाही. लाइन खाली आली की चिप स्वतःच्या घड्याळाचे आठ ठोके मोजते, स्टार्ट बिटच्या मध्यावर खात्री करून घेते आणि तिथून दर सोळा ठोक्यांना एकेक बिट उचलते. दोन्हीकडच्या घड्याळांनी एका अक्षरापुरतं जुळवून घ्यायचं. पुढच्या अक्षराला पुन्हा नव्याने.

एका संध्याकाळी ऑसिलोस्कोपवर इंग्रजी 'ए' पाहिला. शून्य, एक, पाच शून्यं, एक, शून्य, एक. पण नजर खिळली ती अक्षराच्या आधीच्या रेघेवर. काहीच पाठवत नसताना चिपच्या पिनवर ती वर होती. का?

पुस्तकात एवढंच होतं: 'आयडल लाइन हाय असते.' त्या पुस्तकावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

उत्तर बाबांनी दिलं. ते सांगलीच्या तारघरात टेलिप्रिंटरवर होते. म्हणाले, "अरे, लाइन गप्प असली तरी तिच्यात करंट खेळत असतो. तो तुटला की मशीन काही न छापता नुसती खडखडत सुटते. शेजारच्या खोलीत चहा पीत असलो तरी कळायचं, तार गेली."

बॉडला ज्याचं नाव आहे त्या एमिल बोदोने १८७४ मध्ये आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा अक्षराच्या आगेमागे स्टार्ट-स्टॉप बिट नव्हते. ऑपरेटरने पाच कळा यंत्राच्या ठेक्यातच दाबायच्या. माणसाला त्या ठेक्यातून सोडवलं ते स्टार्ट बिटने. १९६० च्या आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या मानकातही गप्प लाइन शून्य व्होल्टवर नसते, ती ऋण व्होल्टेजवर धरलेली असते. आणि माझ्या त्या ३७ मध्ये उजवीकडून चौथा बिट शून्य होता. तो एक केला की चिप लाइन मुद्दाम खाली दाबून धरते. त्याचं नाव 'ब्रेक'. बाबांची तुटलेली तार चिपमध्ये अशी शिल्लक होती, आणि आम्हाला कुणी दाखवली नाही.

१५ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. मोबाइल त्यांना कधी पटला नाही. लँडलाइनचा रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू येतो, लाइन आहे हे कळतं. मोबाइलमध्ये माणूस गप्प झाला की तो ऐकतोय की फोन तुटलाय, काहीच समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बोलता बोलता मध्येच विचारायचे, "आहेस ना?" मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही की ते लगेच फोन ठेवून पुन्हा लावायचे.