शहागडची गहाण जमीन

औरंगाबादहून बीडच्या रस्त्याला लागले की आडूळ, पाचोड, वडीगोद्री मागे पडते आणि शहागड येते. पुढे गोदावरीचा पूल. अलीकडे जालन्याचा अंबड तालुका, पलीकडे बीडचा गेवराई. जिथे पाणी आहे तिथे ऊस, नाही तिथे कापूस.

मामूंनी शेत दाखवायला नेले. बांधापलीकडच्या तीन एकर कपाशीकडे हात करून म्हणाले, "ही आपली नाही, गहाण आहे." शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पैसे उचलले होते. ते परत मिळेपर्यंत जमीन मामूंनी कसायची आणि पीक मामूंनीच घ्यायचे, असा ठराव. त्याला सहा वर्षे झाली. "पण व्याजाचा एक रुपया घेतला नाही, अल्हम्दुलिल्लाह," मामू समाधानाने म्हणाले.

मला मात्र ती कपाशी टोचू लागली.

गहाण शरीअतला मान्य आहे. सूरह अल-बकरहच्या आयत 283 मध्ये प्रवासात लिहून देणारा न मिळाल्यास गहाण ताब्यात देण्याची मुभा आहे. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिलखत मदीनेत एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. पण गहाण ही कर्जाची हमी असते, कमाईचे साधन नव्हे. कर्जावर ठरवून घेतलेला फायदा रोख असो की कापसाच्या रूपात, ते व्याजच.

मामू म्हणाले, "त्याने राजीखुशीने दिली आहे." हा प्रश्न जुना आहे. मालकाची परवानगी असेल तर चालेल, असे काही हनफी फकीह म्हणत. त्यावर दमिश्कचे इब्ने आबिदीन यांनी लिहिले की, लोक बहुधा फायद्यासाठीच कर्ज देतात. फायदा नसता तर दिले नसते. म्हणून रूढीने ठरलेली गोष्ट तोंडी अटीसारखीच धरावी. अडलेल्या माणसाची राजीखुशी ती किती?

आपल्याकडे याचाच दुसरा प्रकार म्हणजे मुदत खरेदी. कागदावर विक्री, मनात गहाण. बुखारा-समरकंदकडे हाच व्यवहार 'बै-बिल-वफा' नावाने चाले. 1992 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने तो नाजायज ठरवला. कायद्याच्या बाजूनेही यात धोका आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सशर्त विक्रीचे गहाण आहे, पण 1929 च्या दुरुस्तीनंतर परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असावी लागते. अट तोंडी किंवा वेगळ्या कागदावर असेल, तर ते गहाण मानले जात नाही आणि गरजवंताची जमीन जाते. अवैध सावकारीत जमीन गेली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. त्यात उशीर करू नये.

मग अडचणीतल्या शेजाऱ्याला मदत करायची कशी? ऐपत असेल तर बिनव्याजी कर्ज द्यावे, कागद ठेवावा, जमीन त्यालाच कसू द्यावी. नाहीतर गावात चालतो त्या दराने जमीन ठोक्याने घ्यावी आणि दोन-तीन वर्षांचा ठोका आगाऊ द्यावा. त्याला पैसे मिळतात, आपल्याला पीक. मुदत संपली की जमीन आपोआप मोकळी, कर्ज शिल्लक राहत नाही.

रात्री मामूंनी वही काढली. तीन एकरांचा वर्षाचा ठोका लिहिला, त्याला सहाने गुणले आणि कर्जाच्या रकमेखाली मांडले. बराच वेळ ते आकड्यांकडे पाहत राहिले. मामींनी विचारले, "किती राहिले त्याच्याकडे?"

"त्याच्याकडे काही नाही," मामू म्हणाले. "आपल्याकडेच निघतात."

फजरच्या नमाजनंतर ते घरी आले नाहीत. स्टॅम्पचा कागद खिशात घालून थेट शेजाऱ्याच्या दाराशी गेले होते.