भिंतीचा श्वास

भिंतीला कान असतात, असे जुनी माणसे सांगत. तिला नाकही असते, ती आपल्यासारखाच श्वास घेते आणि तो कोंडला म्हणजे गुदमरते, ही गोष्ट मात्र आम्हांस वयाची सत्तरी उलटल्यावर कळली. निमित्त झाले ते आमच्या कुलदेवतेच्या देवळाच्या उत्तरेकडील भिंतीचे. त्या भिंतीचा व आमचा हिशेब जुना आहे. तो आज वाचकांपुढे उघड करावा, असे मनाने घेतले आहे.

देऊळ अंत्रुज महालातले. गावाचे नाव सांगत नाही, कारण येथे जे घडले ते आपल्या पुष्कळ देवळांतून घडले आहे, आणि वाचकाने आपल्याच देवळाची आठवण करावी हे बरे. ह्या देवळाच्या उत्तर भिंतीवर, प्रदक्षिणेच्या वाटेवर, कावीचे एक चित्र होते. मध्ये कलश, त्याच्या दोन बाजूंस दोन मोर आणि भोवती वेल. लहानपणी आईचे बोट धरून प्रदक्षिणा घालताना आमचा दुसरा हात त्या वेलीवरून फिरत जाई. मोराच्या पिसाऱ्यापाशी पोचलो की अर्धी प्रदक्षिणा झाली, असा आमचा ठोकताळा होता.

कावी म्हणजे रंगवलेले चित्र नव्हे. चुन्याचा गुळगुळीत पांढरा गिलावा ओला असतानाच त्यावर तांबड्या कावेचा पातळ थर देतात, आणि तो थर टोकदार हत्याराने नेमका खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. तांबडे राहते ते चित्र, पांढरे दिसते ती भूमी. किंवा कधी ह्याच्या उलट. गोव्यापासून कारवार-कुमट्यापर्यंतच्या देवळांतून ही कला नांदत होती. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात तिचे नमुने पाहावयास मिळतात. डॉ. कृष्णानंद कामत ह्यांच्यासारख्या संशोधकाने तिच्या नोंदी करून ठेवल्या, म्हणून पुढच्या पिढीला तिचे नाव तरी ठाऊक आहे. ह्या कलेचा सारा जीव चुन्यात आहे. ओला चुना हवेने दगड होऊ लागतो, तेव्हा तो आपल्या पोटात काव धरून ठेवतो. सिमेंटवर कावी होत नाही. झाली तर ती कावीची नक्कल होते.

सन १९९१ मध्ये देवस्थान समितीने जीर्णोद्धाराचे काम काढले. आम्ही त्या वेळी समितीचे चिटणीस होतो. उत्तर भिंतीचा गिलावा काही ठिकाणी सुटला होता. गावातला म्हातारा गवंडी बोलावला. त्याने भिंतीवर बोटांची पेरे वाजवून पाहिली आणि सांगितले, "बाब, आता चुना विरवून खड्ड्यात घालू. गिलावा पुढल्या वर्षी." माघातली जत्रा तीन महिन्यांवर आली होती. आम्ही विचारले, एवढा उशीर कशाला? तो हसून आपल्या कोंकणीत म्हणाला, "चुन्याक घाय ना, बाब." चुन्याला घाई नसते. घाई आम्हांला होती. ठराव झाला, सिमेंट आले, परका कंत्राटदार आला व तीन आठवड्यांत काम उरकले. सैल व घट्ट असा भेद न करता त्याच्या माणसांनी सगळा जुना गिलावा टाकीने उडवला. मोर गेले. त्या ठरावाच्या बाजूने आमचा हात वर झाला होता आणि इतिवृत्तात 'काम समाधानकारक' हे शब्द आमच्याच अक्षरात आहेत.

आई त्या वेळी हयात होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी देवळामागच्या ढिगाऱ्यातून तिने तळहाताएवढा एक तुकडा उचलून आणला. त्यावर मोरपिसाचा एक डोळा शाबूत होता. तो तिने देवघरात, तसबिरींच्या मागे ठेवला. पुढे तीस वर्षे तो तेथेच होता.

पिस्ता रंगाचा तैलरंग दिलेली ती भिंत पहिली काही वर्षे सर्वांना आवडली. मग तिच्यावर गुडघाभर उंचीपर्यंत ओलीचे डाग उमटू लागले. रंगाला फोड आले. आम्ही फोड खरवडून पुन्हा सिमेंट लावले, वर पाणी अडवणारा महागडा रंग दिला. ओल गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढली. अखेर २०२२ च्या पावसाळ्यात गिलाव्याचा एक मोठा पापुद्रा एका रात्रीत कोसळला. सकाळी आम्ही पाहावयास गेलो. आतला चिरा पांढऱ्या लोण्याने भरला होता, आणि बोट लावताच तो पिठासारखा झडू लागला. जो दगड शे-दीडशे पावसाळे टिकला, तो आमच्या तीस वर्षांत भुगा झाला होता.

असे का झाले, ह्याचे उत्तर आमच्या नातीने दिले. ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती आणि शेवटच्या वर्षाच्या संशोधनासाठी तिला विषय हवा होता. "आजोबा, ही भिंतच घेते," ती म्हणाली. आम्हांला क्षणभर वाटले, आता आमचा गुन्हा सर्वांपुढे सिद्ध होणार. पण नाही म्हणवले नाही.

प्रथम तिने आम्हांला आपला चिरा समजावून सांगितला. ज्याला आपण चिरा किंवा जांभा म्हणतो, त्याला स्कॉटिश प्रवासी फ्रान्सिस बुकॅनन ह्याने मलबारातील अंगाडिपुरमचा दगड पाहून १८०७ साली 'लॅटेराइट' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीत तो मऊ असतो, हवेत आला की टणक होतो. पण त्याच्या अंगात असंख्य भोके असतात. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ काळ्या पाषाणाचे. त्या दगडाला गिलाव्याची गरज नाही. आमच्या चिऱ्याचे तसे नाही. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ते पाणी जमिनीतून व छपरावरून चिऱ्याच्या भिंतीत शिरणारच. प्रश्न एवढाच की ते बाहेर कोठून पडावयाचे? चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. ऊन पडले की भिंतीतले पाणी वाफ होऊन त्यातून निघून जाते. सिमेंट व तैलरंग ही वाट बंद करतात. मग पाणी वर चढते, आणि त्यात विरघळलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे, दगडाच्याच पोटात, स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढतो तसा दगड आतून फुटतो. आम्ही पाणी आत येऊ नये म्हणून जो रंग दिला, त्याने ते बाहेर जाण्याचे बंद केले होते.

नंतर चुन्याची पाळी आली. चुना म्हणजे शिंपला किंवा चुनखडी, आणि दोहोंचे द्रव्य एकच. सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णतेत ते भट्टीत भाजले की शंभर भागांतील ४४ भाग कर्बवायू होऊन उडून जातात व ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो खदखदून विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर गेला म्हणजे हवेतला कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो व पुन्हा शिंपल्याचे द्रव्य बनतो. समुद्रातून निघालेला शिंपला भिंतीवर येऊन पुन्हा शिंपला होतो, हे ऐकून आम्हांला एखाद्या पुराणकथेची आठवण झाली. परंतु ही क्रिया फार मंद. वरच्या थराला आठवडे लागतात, आतल्या थरांना वर्षे. म्हाताऱ्या गवंड्याचे वाक्य आम्हांला त्या क्षणी पुन्हा ऐकू आले.

सिमेंटची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. १८२४ मध्ये ज्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तोही लीड्स शहरातला एक गवंडीच होता. आज चुनखडी व माती सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवून केलेले हे द्रव्य पाण्याखालीही घट्ट होते. पूल व धरणे त्याच्याच जोरावर उभी आहेत. जगात मनुष्याच्या उद्योगांतून निघणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या वाट्याला येतो, ही त्याची दुसरी बाजू. पण आमच्या भिंतीपुरती चूक निराळी होती. नात म्हणाली, "आजोबा, गिलावा दगडापेक्षा दुबळा हवा. झिजायचे असेल तर त्याने झिजावे. तो परत लावता येतो, दगड परत येत नाही." आम्ही आयुष्यभर मजबुतीलाच गुण मानत आलो होतो.

आता तिला जुन्या गिलाव्याची परीक्षा करावयाची होती, आणि जुना गिलावा सबंध देवळात कोठेही उरला नव्हता. उरला होता तो देवघरात. तिने आईचा तुकडा मागितला. आम्ही दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी तुकडा उलटा करून, चित्राला धक्का न लावता, मागच्या भरड थरातून दहा ग्रॅम खरवडू दिले. तिने ते सौम्य आम्लात टाकले. फसफसून चुना विरघळला. गाळून, वाळवून जी वाळू राहिली ती सात ग्रॅमांहून किंचित अधिक भरली. वाळूत शिंपल्याचे कण असतील तर तेही विरघळतात, म्हणून हे माप अंदाजी समजावे, अशी टीप तिने प्रामाणिकपणे लिहिली. तीस वर्षे मुकाट असलेल्या त्या तुकड्याने आपली कृती सांगितली होती.

मग आमच्या विहिरीपाशी प्रयोग मांडला. दोन सारखे चिरे घेतले. एकाला सिमेंटचा गिलावा व तैलरंग, दुसऱ्याला चुन्याचा गिलावा. गिलावे पुरते सुकल्यावर दोन्ही पाण्यात भिजवून ओसरीवर ठेवले व रोज सकाळी वजन केले. वजने वहीत टिपण्याचे काम आमच्याकडे आले. जुन्या चिटणिसाला दुसरे काय येणार? चुन्याचा चिरा पहिल्या दिवसापासून झपाट्याने हलका होत गेला. सिमेंटचा चिरा पाणी धरून बसला. कॉलेजात मात्र तिचे चुन्याचे ठोकळे दाबयंत्रात फारच लवकर फुटले. परीक्षा अठ्ठावीस दिवसांची होती आणि ती मोजणी सिमेंटसाठी ठरलेली. तिच्या अध्यापकांनी उरलेले ठोकळे सहा महिने ठेवण्यास सांगितले. तेव्हा त्यांचे बळ वाढलेले आढळले. सिमेंटच्या बरोबरीचे नव्हे, पण गिलाव्याला हवे तेवढे.

ह्या वाटेने जाणारी ती एकटी नाही, हेही तिच्यामुळे कळले. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील जुन्या चुन्यात चिकट भाताची पेज असल्याचे व तिच्यामुळे चुना अधिक दाट बसतो असे २०१० मध्ये मांडले. रोमन लोकांच्या काँक्रीटमधील चुन्याचे पांढरे खडे हा कामातील हलगर्जीपणा नव्हे, भेगेत पाणी शिरले की तेच विरघळून ती भेग बुजवतात, असे २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेने दाखवले. जुने ते सर्व सोने, असा ह्याचा अर्थ नव्हे. गुळाचे पाणी घातले की चुना चांगला होतो, ही आपल्याकडची समजूत. नातीच्या प्रयोगात थोडा गूळ उपकारक ठरला, पण अधिक घातला तेव्हा ठोकळा कच्चाच राहिला. परंपरेचे म्हणणे आदराने ऐकावे आणि नंतर तराजूत घालावे, एवढेच आम्ही शिकलो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. २०२३ च्या दिवाळीनंतर उत्तर भिंतीवरचे सिमेंट सोडवले, झडलेले चिरे बदलले आणि शिगम्यापर्यंत भिंत उघडीच सुकू दिली. पावसाळ्यात तिला झावळ्यांचा आडोसा केला. चुना खड्ड्यात विरत पडला होता. म्हातारा गवंडी केव्हाच निवर्तला होता. त्याचा मुलगा सिमेंटचा गवंडी. पण लहानपणी बापाबरोबर चुना तुडवल्याची आठवण त्याच्या पायांत शिल्लक होती. नातीने प्रमाण सांगितले, त्याने थापीवर चुना घेऊन "अजून नाही" म्हटले, आणि दोघांनी मिळून ठरवले. पुढच्या थंडीत तीन थरांनी गिलावा पूर्ण झाला. कोणीही जत्रेची तारीख काढली नाही.

मोर परत आले नाहीत. कोणी म्हणाले, तुकड्यावरून पुन्हा काढवून घेऊ. आमच्या गावात तो हात आता नाही, आणि नक्कल करून आमचे पाप झाकावे असे आम्हांला वाटले नाही. ती जागा पांढरी ठेवली आहे. कोणी शिकून आला तर त्याच्यासाठी.

समितीने ह्या खेपेस इतिवृत्त लिहिण्याचे काम पुन्हा आमच्याकडे दिले. आम्ही चुन्याचे प्रमाण लिहिले, किती दिवस विरवला ते लिहिले, कोणता थर केव्हा दिला ते लिहिले. पुढच्या चिटणिसाला ढिगारा शोधावा लागू नये. मग १९९१ चे पान काढून पाहिले. त्यात कंत्राटदाराचे नाव होते, समितीच्या सर्वांची नावे होती. ज्याने चुन्याचा सल्ला दिला त्याचे नाव कोठेही नव्हते. ते आम्ही नव्या पानावर सर्वांत वर लिहिले आणि खाली त्याचे वाक्य त्याच्याच कोंकणीत उतरवले.

'समाधानकारक' हा शब्द मात्र लिहिला नाही. तो लिहावयाचा की नाही, हे पुढच्या तीस पावसाळ्यांनी ठरवावे.