बुधा वर गेला, गर्टी खाली आली

गो. नी. दांडेकर जन्माने परतवाड्याचे, म्हणजे वऱ्हाडातले. मावळच्या डोंगराशी त्यांचं रक्ताचं काही नातं नव्हतं. तरी मराठी वाचकाच्या मनातला सह्याद्री बराचसा त्यांनीच उभा केला आहे. 1955 साली ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘पडघवली’, 1958 साली ‘माचीवरला बुधा’. त्याच 1955 मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. ती माणदेशच्या माळरानाची, डोंगराची नव्हे, पण आमच्या डोक्यात ही सगळी पुस्तकं एकाच फळीवर बसलेली असतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आमच्या सावानात, अशा कादंबऱ्यांच्या प्रती बघाव्यात. पुन्हा बांधलेल्या, बांधताना कडा कातरल्यामुळे समास उरलेला नाही, शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची दाटी. सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तकं, अजून घरी जातात आणि परत येतात.

लोक का वाचतात ही पुस्तकं? ‘गावाकडची ओढ’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. नेणारे बहुतेक जण डोंगरातल्या वाडीत एक पावसाळाही राहिलेले नसतात. मला वाटतं, या पुस्तकांत माणसं काम करताना दिसतात, हे पहिलं कारण. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ म्हटली की 1977 चा चित्रपट आणि त्यातली गाणी आठवतात. पण कादंबरीच्या मुळाशी काय आहे? मधाचं पोळं, डोळा घालवणारी माशी आणि तिच्यावर सूड घ्यायला निघालेला नाग्या नावाचा एक ठाकर. कड्यावरच्या पोळ्यापर्यंत पोहोचायचं कसं, हा तिथे निसर्गवर्णनाचा विषय नाही, जिवाचा आहे. नाग्या भोळाबिळा नाही. हट्टी आहे, आणि त्या हट्टाची किंमत दुसऱ्यालाही मोजायला लावतो. डोंगरातली माणसं म्हणजे निरागस, असं जिथे जिथे लेखकाने धरलं तिथे तिथे ती पुस्तकं आज वाचवत नाहीत.

दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. या गोष्टी सांगायला बहुतेकदा बाहेरचा माणूस लागतो. ‘बनगरवाडी’त कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, आणि आपण त्याच्या पाठोपाठ जातो. हे मराठीपुरतं नाही. अमेरिकेत पूर्वेकडे ॲपलाचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. केंटकी, टेनेसी, कोळशाच्या खाणी, गरिबी आणि स्वतःची वेगळी बोली. तिथल्या लोकांवरची कॅथरीन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ ही 1967 ची कादंबरी खूप वाचली गेली. तिच्यातही 1912 साली एकोणीस वर्षांची मुलगी डोंगरात शिकवायला जाते. लेखिकेची आई खरोखरच तशी गेली होती. ‘बनगरवाडी’ लिहिण्याआधी माडगूळकरांनी ती वाचलेली असणं शक्यच नाही, त्यांचं पुस्तक बारा वर्षं आधीचं. तरी दोन्हीकडे मास्तरच. खुर्चीत बसलेल्या वाचकाला तिथे न्यायला पगारावर नेमलेला कुणीतरी हवा, असा याचा अर्थ मी लावतो.

आता नाशिककडे येऊ. आमच्या पश्चिमेला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर यांची वस्ती. नागली, वरई, भात. उन्हाळ्यात राब भाजायचा: शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या फांद्या आणि पालापाचोळा, वर गवत, मग बारीक मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, दबून जळते. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट अंगाने. तणाचं बी जळतं, राख खत होते, आणि पहिल्या पावसात त्याच तुकड्यात रोपं टाकायची. मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. कादंबरीकाराला एक प्रकरण आयतं मिळावं असं हे काम. पण ते पाच-सहा महिन्यांत आटोपतं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या सावळघाट ओलांडून निघतात. सकाळी गिरणाऱ्याला रस्त्याच्या कडेला माणसांचा बाजार भरतो. द्राक्षबागायतदार जीपमधून येतात, मुकादमाशी रोजाची घासाघीस होते, आणि गाडी भरून माणसं दिंडोरी-निफाडकडे जातात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (विरळणी), शेवटी खुडा. रात्री बागेच्या कडेला ताडपत्रीचं पाल.

एका ओळखीच्या बागेत दुपारच्या सुट्टीत सुरगाण्याकडच्या एका मावशींशी बोलत बसलो होतो. कशावरून तरी मी त्यांना बुधाची गोष्ट सांगितली: म्हातारा मुलाला मागे ठेवून मुंबई सोडतो, राजमाचीवर एकटा जाऊन राहतो, झाडापाखरांत रमतो. मी जरा रंगूनच सांगितली असणार. मावशींनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, “मुलगा मुंबईत ऱ्हायला म्हनता. मंग म्हाताऱ्याला आवनीला मानसं कुठनं?” बाजूची पोरगी फिसकन हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांना खरंच हिशेब हवा होता.

बुधा माझा लाडका आहे, अजूनही. पण तो वर जातो, आणि वाचकाला तेच हवं असतं. शहरात अडकलेल्या आपल्या वतीने तो जातो. आपण ज्यांना बागेत रोजाने लावतो ती माणसं मात्र उलट्या दिशेने चाललेली असतात. केंटकीत जन्मलेल्या हॅरिएट आर्नो यांनी 1954 मध्येच अशा उतरणीची ‘द डॉलमेकर’ लिहिली. लाकूड कोरणारी गर्टी नेव्हल्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलांना घेऊन डोंगर सोडते, कारण नवरा डेट्रॉईटच्या कारखान्यात लागलेला असतो. तिच्याजवळ चेरीच्या लाकडाचा मोठा ठोकळा असतो. त्यातून एक चेहरा काढायचा असतो तिला. शेवटी पैशासाठी विकायच्या बाहुल्या करायला ती तो ठोकळा फोडते. वाचवत नाही ते पान. त्या पुस्तकात डोंगर फार थोडा आहे. डेट्रॉईटमधली चिमुकली घरं, पातळ भिंती, हप्त्यांवरच्या वस्तू हेच जास्त. तरी ते डोंगरातल्या माणसांचं पुस्तक आहे, आणि माझ्या मते ‘क्रिस्टी’पेक्षा कितीतरी मोठं.

गिरणाऱ्याच्या त्या कडेवरून सुरू होणारी कादंबरी मला वाचायची आहे. मास्तर नको तिच्यात. रोज किती ठरला, उचल किती घेतली, डिपिंगच्या औषधाने हात कसे झाले, गावी बैल कुणाकडे ठेवले, हे आतल्या माणसाने सांगितलेलं असावं. राबाचं प्रकरण असलंच तर पालात, रात्री, मोबाईलवर घरच्या म्हातारीला सूचना देताना यावं: गवत कमी घाल, वारा बघून पेटव.