गुडघ्याची वाटी

मोटारसायकल घ्यायची म्हटली की घरात महिनाभर चर्चा चालते. मायलेज किती, हप्ता किती, रंग कोणता. हेल्मेटची खरेदी दहा मिनिटांत उरकते. पँटचा विषय तर निघतच नाही; कपाटात जीन्स असतेच की! मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सुद्धा डोक्यापुरतंच बोलतं. कमरेखालचं ज्याचं त्यानं बघायचं.

आमचं मैलूर म्हणजे आता बिदर शहरच. इथून भटकायला वाटा भरपूर. हुमनाबादवरून कलबुर्गीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५०, कारंजा धरणाकडचे कच्चे रस्ते, पठारावरचा लाल जांभा आणि खाली उतरलं की काळी माती. पाऊस पडला की ही माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. माझा चुलतभाऊ अशाच चिखलावर घसरला. वेग फार नव्हता. हेल्मेट होतं, डोकं शाबूत राहिलं. जीन्स मात्र गुडघ्यावर फाटली आणि वाटी मोडली. आज तो चालतो, गाडीही चालवतो. पण पंगतीत मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्ची शोधतो. वय पंचवीस.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्याआधी मी पँट शोधायला हैदराबाद गाठलं. दुकानदारानं पहिल्यांदा दाखवली ती ‘बारमाही’ पँट. बाहेर जाड नायलॉन, आत काढता येणारं पाणीरोधक अस्तर, त्याच्या आत थंडीचं अस्तर. ऐकायला छान. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ही पँट खुंटीलाच राहणार, आणि खुंटीवरची पँट कुणाचा गुडघा वाचवणार? शिवाय पाणी अडवणारं अस्तर आत असलं की बाहेरचं कापड आधी चिंब होतं. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते. हे कापड भिजलं की नुसतं जड होतं आणि वाऱ्यानं गारठवतं. पाणीरोधक थर बाहेरच्या कापडालाच चिकटवलेल्या पँटी मिळतात. त्या पावसात उत्तम, पण महाग, आणि उन्हात आणखी कोंदट.

शेवटी मी दोन वस्तू घेतल्या. बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांवर जाड कापड, बाकी जाळी अशी एक पँट. आणि वरून चढवायची साधी रेनपँट. रेनपँट बुटांच्या बाहेर ठेवायची, नाहीतर सगळं पाणी बुटात.

लेबल वाचायला शिका. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात ‘एएए’ सर्वांत मजबूत, मग ‘एए’, मग ‘ए’. जाळीच्या पँटी बहुधा ‘ए’ मध्ये येतात. मी हट्टानं ‘एए’ शोधली. आतल्या पॅडसाठी ईएन १६२१-१ पाहायचं. त्यातल्या पहिल्या पातळीचं पॅड धक्क्यातला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा जोर आत जाऊ देतं, दुसऱ्या पातळीचं २० पर्यंतच. कमरेच्या बाजूंना कित्येकदा नुसते खिसे असतात, पॅड नसतात. हात घालून बघा. आणि पँट आरशासमोर उभं राहून पसंत करू नका. गाडीवर बसा, मग पायदानावर उभे राहा. दोन्ही वेळा पॅड वाटीवरच राहिलं पाहिजे.

दोन महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे गेले. आई म्हणाली, “एवढ्या पैशात आख्ख्या घराची दिवाळी झाली असती की रे!” तिचं खरंच होतं. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. मी काही बोललो नाही, पॅड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि विचारलं, “त्याच्यासाठी पण मिळंल का हे?”

पुढच्या महिन्यात चुलतभावाला घेऊन हैदराबादला जाणार आहे.