जड पाण्याचा चहा

आमच्या होस्टेलवर ज्या विषयावर कधीच एकमत होत नाही, तो विषय म्हणजे चहा. गणपतीची वर्गणी, मेसचा मेनू, पंख्याचा स्पीड, या सगळ्यांवर शेवटी काहीतरी तोडगा निघतो. चहावर नाही! माझी एक रूममेट परभणीची. तिच्या मते चहात पाणी घालणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. चहा हवा तर नुसत्या दुधाचा. दुसरी रत्नागिरीकडची. तिच्या डब्यात गवती चहाच्या वाळलेल्या काड्या असतात आणि आलं तिला खोकल्याचं औषध वाटतं. तिसरी चहात साखर घेत नाही, पण त्याच्यासोबत चार क्रीम बिस्किटं खाते. आणि मी उदगीरची. माझ्या चहाला या तिघींनी मिळून नाव ठेवलंय, 'डांबर'.

प्रत्येकीचं शेवटचं उत्तर एकच असतं, "आमच्याकडे असाच करतात." तिथे वाद संपतो आणि सगळ्या आपापला कप घेऊन सबमिशनला बसतात. पण असाच का करतात, हे कोणी विचारत नाही. मी माझ्यापुरतं ते शोधून पाहिलं. जे सापडलं ते चहापेक्षा पाण्याबद्दल जास्त निघालं.

आधी माझी कृती. पाणी नळाचं थेट घ्यायचं नाही. रात्री पातेलंभर पाणी खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी न ढवळता वरचं निवळ पाणी घ्यायचं. एका माणसाला पाऊण कप पाणी, पाव कप दूध. पाण्यात साखर आणि ठेचलेलं आलं आधीच टाकायचं. आलं दुधाच्या आधी उकळलंच पाहिजे, कारण कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं आणि ते उष्णतेने मरतं. मग भरपूर पत्ती. मंद आचेवर रंग काळपट लाल होईपर्यंत थांबायचं, मग दूध, मग दोनदा वर येऊ द्यायचा. गाळायचा तो स्टीलच्या ग्लासात. बशी नाही.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला नटबोल्टपासून सगळ्याला स्टँडर्ड लागतं. तर मंडळी, चहालाही आहे! आय.एस.ओ. ३१०३, साल १९८०. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, चिनी मातीची किटली, सहा मिनिटं मुरवायचं. साखरेचं नाव नाही, आल्याचं तर नाहीच. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनच्या याच विषयावरच्या सहा पानी स्टँडर्डला १९९९ साली विनोदी संशोधनाचं 'इग नोबेल' मिळालं. हसू येतं खरं, पण ते स्टँडर्ड चवदार चहासाठी नाहीच. वेगवेगळ्या पत्त्यांचे नमुने एकाच पद्धतीने तपासता यावेत म्हणून आहे. आणि त्यात एक वाक्य फार शहाणपणाचं आहे. पाणी कसं घ्यावं? तर जिथे तो चहा प्यायला जाणार, तिथल्या पिण्याच्या पाण्यासारखं. म्हणजे जगभरचं सगळं ठरवून टाकणाऱ्यांनीसुद्धा पाण्यापुढे हात टेकले. ते ज्याच्या त्याच्या गावाचं.

तर आमच्या गावाकडे येऊ. उदगीर म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, १७६० ची निजामाबरोबरची लढाई आठवते, शेतीवाल्यांना शेजारच्या देवणीची काळी-पांढरी गाय आठवते. २०२२ पासून साहित्य संमेलनही आठवतं. मला आठवतं ते पाणी. बालाघाटच्या डोंगररांगेवरचं आमचं गाव, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. त्यामुळे आमच्याकडे पाणी शंभरावर नाही, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. खाली सगळा काळा बेसाल्ट. बोअरचं पाणी त्या खडकाच्या भेगांमधून येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरी पुटं चढतात.

आई या पाण्याला 'जड पाणी' म्हणते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ते 'हार्ड वॉटर' होतं. मराठी माध्यमातल्या मैत्रिणीच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हटलेलं. फेस नीट न येणारं ते दुष्फेन, किती नेमका शब्द! आणि 'जड पाणी' म्हणजे पुस्तकाप्रमाणे अणुभट्टीत वापरतात ते. म्हणजे एकाच हंड्यातल्या पाण्याला तीन नावं आणि त्यातलं आईचं नाव भाभा अणुसंशोधन केंद्राने आधीच घेऊन ठेवलेलं.

पण नाव काहीही असो, त्याच्याशी कसं वागायचं हे आईला बरोबर माहीत होतं. एफ.ई.ला केमिस्ट्रीचं ते प्रॅक्टिकल सगळ्यांनीच केलंय, ई.डी.टी.ए. टायट्रेशन. इंडिकेटरचं नाव एरिओक्रोम ब्लॅक टी, म्हणजे नावातच काळा चहा! मी घरच्या बोअरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक तशीच, दुसरी आईने रात्री उकळून निवळलेली. दुसरीला ई.डी.टी.ए. बरंच कमी लागलं. कारण व्हायव्हाला पाठ करतो तेच. उकळल्यावर विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. यालाच आपण 'टेम्पररी हार्डनेस काढणे' म्हणतो. आई म्हणते, "पाणी बसू दे." ही रीत तिला आज्जीने शिकवली. आज्जी शाळेत गेली नव्हती.

आता 'डांबरा'कडे. जड पाण्याच्या चहावर एक तवंग येतो, तेलकट दिसणारा, ग्लासाला काळा कडा सोडणारा. तो दुधाच्या सायीचा नसतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्पायरो आणि जगान्यी या दोघांनी त्यावर काम केलं आणि १९९३ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली पॉलिफेनॉल्स आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हा तवंग तयार होतो. त्यांना असंही दिसलं की लिंबू पिळलं तर तवंग घटतो, आणि कडक चहावर तो फिक्या चहापेक्षा कमी येतो. हे वाचलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. जड पाण्यात पत्तीची चवही दबते, म्हणून पत्ती जास्त. पत्ती जास्त म्हणून साखर जास्त. पाण्याचा मचूळपणा झाकायला आलं. माझी म्हणून जी 'आवड' आहे, तिचा एकेक चमचा त्या खडकाने ठरवलेला आहे.

पत्तीचंही तसंच. आपण घेतो ती दाणेदार पत्ती सी.टी.सी. पद्धतीची. १९३० साली आसामात मॅककर्चर नावाच्या माणसाने ते यंत्र काढलं. दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, गोल करून निघतं. थोड्या पत्तीत भरपूर रंग आणि कडकपणा. पानाचा चहा असा उकळला तर वाया जाईल, सी.टी.सी. मात्र दुधासाखरेसोबत उकळायला अगदी योग्य. ज्याला जे परवडलं, त्याने त्याचा चहा केला आणि मग म्हटलं, मला हाच आवडतो.

आता बशीचं सांगते. ती गोष्ट २०१६ ची. मी पाचवीत होते. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावलं होतं. ती गाडी उदगीरला येत नव्हती. आमच्या गल्लीत टँकर यायचा, आणि तो कधी येणार हे टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. आमची बोअर फेब्रुवारीतच गेली होती.

तेव्हा आईने चहाचा हिशोब मांडला. चार जणांच्या चहाला पाणी लागतं ते तीन कप. पण चार कप, चार बश्या, पातेलं, गाळणी, सांडशी धुवायला त्याच्या कितीतरी पट. प्यायच्या पाण्यापेक्षा धुवायचं पाणी महाग! तिने कपबश्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आणि स्टीलचे ग्लास काढले. एकाचं विसळलेलं पाणी दुसऱ्याला, शेवटचं तुळशीला.

आमचे आजोबा आयुष्यभर बशीत ओतून चहा प्यायले. फुंकर घालून, फुर्र आवाज करत. त्यांच्या घरून कोणी चहा न घेता गेलं नव्हतं. पोस्टमन असो, वीजबिलवाला असो, "बसा, चहा टाकलाय" हे ठरलेलं. त्या उन्हाळ्यात ते तसंच म्हणायचे. पण येणारा माणूस उंबऱ्यातूनच हात हलवायचा, "नगं काका, आत्ताच घेऊन आलोय बगा." शेजारच्या मावशी, आजोबांचे मित्र, गावाकडून आलेला चुलतभाऊ, सगळे 'आत्ताच घेऊन' आलेले. सगळ्या गावाने आत्ताच चहा घेतला होता! कोणाच्या घरी घेतला, हे आजोबांनी विचारलं नाही. मी आईला विचारलं, एवढे सगळे लोक कुठे चहा पिऊन येतात? आई म्हणाली, "कुठंच नाही. आपलं पाणी वाचवतात." आम्हीही दुसऱ्यांकडे गेलो की तेच म्हणायचो. शाळेत आम्हाला खोटं न बोलण्यावर निबंध असायचे. या खोट्यावर कोणी निबंध लिहायला लावला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर भरपूर पाऊस झाला. मांजरा धरण भरलं. लोक पुन्हा बसून चहा घ्यायला लागले. आईने एक दिवस वरच्या खणातून आजोबांची बशी काढून, धुऊन त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली, ग्लासावर पालथी झाकली आणि म्हणाले, "राहू दे, सवय गेली." तेव्हापासून आमच्या घरात बशी झाकणाचंच काम करते.

आता इथे नांदेडला विष्णुपुरीचं, गोदावरीचं पाणी. घरच्या मापाने केलेला चहा इथे जिभेला टोचायला लागला, म्हणून मी पत्ती पाऊण चमच्याने कमी केली. पाणी उकळून ठेवलं तर तळाशी फारसं काही बसत नाही. पण ती सवय मी मोडलेली नाही. घरी आता आर.ओ. आहे. त्या पाण्याचा पहिला चहा पिऊन आजोबा म्हणाले, "हा पाहुण्याकडला चहा आहे." आई त्यांच्यापुरता अजून बोअरच्या निवळलेल्या पाण्याचा करते. अडचण गेली तरी जीभ तिथेच राहते, त्याला काय करणार?

म्हणून परभणीवालीच्या दुधाच्या चहाला मी आता नावं ठेवत नाही. तिच्याकडे चार म्हशी आहेत. रत्नागिरीवालीच्या परसात गवती चहा तणासारखा वाढतो. साखर न घेणारीच्या बाबांना डायबेटिस आहे, घरात साखरेचा डबाच नाही. म्हणून बिस्किटं होस्टेलवर येऊन खाते. विचारलं तेव्हा कळलं.

एकच विनंती. आपल्या पॅन्ट्रीत ग्लास विसळताना नळ सोडून गप्पा मारू नका. आर.ओ. एक लिटर गाळताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. त्याच्या पाइपाखाली बादली ठेवली तर फरशी पुसून होते. आमच्या मजल्यावर आता ठेवतो. आणि खोलीत आलेली एखादी पोरगी "नको, आत्ताच घेतला" म्हणाली, तर एकदा अजून विचारा. खरंच घेतला असेल तर ती पुन्हा नाही म्हणेल. नसेल घेतला, तर पातेल्यात अर्धा कप पाणी वाढवा.