तारेची जाडी

वस्तू जितकी जाड तितकी चांगली, हा आपल्या घराघरांतला हिशेब. पातेल्याला, सतरंजीला तो लागू पडतो. चित्र वाहून नेणाऱ्या तारेला मात्र पडत नाही, हे भाचीच्या निकाहच्या तयारीत नीट कळलं.

निकाह अंगणातल्या मांडवात होता आणि अम्मींना आता जिना उतरवत नाही. नातीचा निकाह वरच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर दिसावा, एवढीच त्यांची इच्छा. घरात जुना व्हिडिओ कॅमेरा होता. तिथपासून टीव्हीपर्यंत 25 मीटर केबल लागणार होती. घरातली पिवळ्या पिनची केबल जेमतेम दीड मीटर, म्हणून नवी घरीच बनवायचं ठरलं.

"खाला, सगळ्यात जाड तार घेऊ या," आयटीआयला जाणारा भाचा म्हणाला. दुकानात आम्ही तीन केबली पाहिल्या. आरजी-58 ची मधली तार साधारण 0.9 मिलिमीटर, आरजी-59 ची 0.6. तरीही पहिली आमच्या कामाची नव्हती. ती 50 ओहमची, रेडिओच्या कामाची. कॅमेरा आणि टीव्ही दोन्ही 75 ओहमचे. हा आकडा नुसत्या जाडीवर ठरत नाही. मधली तार, बाहेरची जाळी आणि दोहोंमधलं प्लास्टिक यांच्या प्रमाणावर ठरतो. भरीव पॉलिथिन असेल तर जाळीचा व्यास तारेच्या सुमारे साडेसहा पट लागतो. प्रमाण जुळलं नाही की सिग्नलचा काही भाग टोकावरून परत फिरतो आणि चित्राच्या कडेला फिकट सावली उमटू शकते.

तिसरी आरजी-6. ती 75 ओहमचीच, मधली तार 1 मिलिमीटर. पण डिशसाठी मिळणाऱ्या या केबलीत पुष्कळदा पोलादावर तांब्याचा पातळ थर असतो. डिशचा वेगवान सिग्नल त्या वरच्या थरातूनच जातो, म्हणून तिथे चालतं. व्हिडिओत संथ लहरीही असतात. त्यांना आतपर्यंत तांबं हवं. शिवाय ती जाड केबल पिवळ्या पिनमध्ये मावत नाही. मग पूर्ण तांब्याची आरजी-59 घेतली. 25 मीटरला ती पुरेशी आहे.

भाच्याने मधली तार पिनच्या टोकाला, जाळी बाहेरच्या कड्याला डाखली. दोन्ही एकमेकींना टेकत नाहीत ना, हे मीटरने तपासलं. आवाजासाठी वेगळी वायर ओढली.

निकाहच्या दिवशी काझीसाहेबांचा खुतबा वरच्या खोलीत स्वच्छ ऐकू आला. नवऱ्या मुलाने "कुबूल है" म्हटलं, तेव्हा अम्मींनी टीव्हीकडे पाहतच दुआसाठी हात उचलले.