मडक्यातला संसार

आज माझ्या बजी पोपटांच्या घरट्याच्या मडक्यात डोकावलो तर मादी फुरफुरली, पण जागची हलली नाही. खाली पाच अंडी. बजी एक दिवसाआड अंडं घालते आणि अठराएक दिवसांनी पिल्लंही तशीच मागेपुढे बाहेर येतात. म्हणून एकाच घरट्यात पिसं फुटू लागलेलं थोरलं आणि अजून डोळेही न उघडलेलं शेंडेफळ एकमेकांना चिकटून असतात. बाहेर निळ्या नाकाचा नर राळं खाऊन येतो आणि तपकिरी नाकाच्या तिला चोचीनं भरवतो. गेल्या आठवड्यात तिनं समुद्रफेसाचा तुकडा कुरतडून जवळपास संपवला. कवचासाठी कॅल्शियम लागतं, हे तिला कुणी शिकवलं?

शेजारच्या काकू म्हणतात, हिरवा राघू आण, बोलेल तरी. पण आपला राघू पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे, आणि ती हवीच. बाजारात येणारं पिल्लू ढोलीतून ओरबाडून आणलेलं असतं. तो विचारसुद्धा मला सहन होत नाही. बजीची गोष्ट निराळी. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं १८४०मध्ये ती ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेली. तेव्हापासून तिच्या कितीतरी पिढ्या माणसांच्या घरातच वाढल्या. तिला इथे मोकळं सोडणं ही दया नव्हे. कावळे, मांजरं, उपासमार यांतून ती वाचणार नाही.

या अंड्यांतली पिल्लं मोठी होऊन स्वतः दाणे टिपू लागली की मडकं काढून ठेवणार. घरटं दिसत राहिलं तर मादी अंडी घालतच राहते आणि पार झिजून जाते.